हेग, जिनिव्हा आणि इंटर्नशिप: कायद्याच्या विद्यार्थ्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

२०१८ मध्ये मी सहा महिने नेदरलँड्समधल्या हेग शहरात एका आंतरराष्ट्रीय न्यायालयात इंटर्न होते. परत आल्यापासून लातूर, कोल्हापूर, नाशिक, पणजी अशा ठिकठिकाणच्या विधी महाविद्यालयांतली मुलंमुली प्रश्न पाठवत असतात. बहुतेक तेच ते, म्हणून एकदाच नीट लिहून काढते. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे क्रमांक दिलाय. नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज भरायच्या दिवशी संस्थेची स्वतःची जाहिरात उघडून वाचायचीच.

१. ताई, ‘हेगचं कोर्ट’ म्हणजे कुलभूषण जाधवांची केस चालली तेच ना?

हो, पण हेगमध्ये एकच कोर्ट नाही. जाधवांचं प्रकरण चाललं ते आंतरराष्ट्रीय न्यायालयात, म्हणजे आयसीजेत. ते पीस पॅलेसमध्ये बसतं आणि तिथे फक्त देश एकमेकांविरुद्ध उभे राहतात. त्या खटल्यातही पक्षकार भारत आणि पाकिस्तान होते. १७ जुलै २०१९ च्या निकालात, वकिलातीशी संपर्क करू देण्याबाबतच्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ चा पाकिस्तानने भंग केला, असं १५ विरुद्ध १ मतांनी ठरलं.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, म्हणजे आयसीसी, वेगळं. ते माणसांवर खटले चालवतं, आणि तेही चारच प्रकारच्या गुन्ह्यांसाठी: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण. ज्या करारातून हे कोर्ट उभं राहिलं ती रोम संविधी १९९८ ला मंजूर झाली आणि १ जुलै २००२ पासून लागू झाली. या कोर्टाची इमारत शहराच्या कडेला, समुद्राजवळच्या वाळूच्या टेकड्यांत आहे. तिसरी संस्था म्हणजे युगोस्लाव्हिया आणि रवांडातल्या अत्याचारांचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणांचं उरलंसुरलं काम पाहणारी यंत्रणा. तिची एक शाखा हेगला आणि दुसरी टांझानियात अरुशाला आहे.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण असं, की तपासायला म्हणून माझ्याकडे येणाऱ्या अर्जांत नाव आयसीजेचं आणि ‘युद्धगुन्हेगारांना शिक्षा मिळवून देण्याची इच्छा’ आयसीसीची, असा घोळ नेहमी असतो. असा अर्ज पहिल्याच परिच्छेदात बाद होतो.

२. भारत आयसीसीचा सदस्य नाही. मग भारतीय विद्यार्थ्याला घेतात का?

घेतात. सदस्य देशांच्या उमेदवारांकडे कल जास्त असतो, पण बिगर-सदस्य देशांच्या नागरिकांना दार बंद नाही. खरी अडचण पैशाची आहे. आयसीसीतल्या अर्थसाहाय्य असलेल्या जागा विकसनशील *सदस्य* देशांच्या नागरिकांसाठी असतात. बांगलादेश २०१० पासून सदस्य आहे. म्हणजे ढाक्याच्या मुलीला जी मदत मागता येते, ती पुण्याच्या मुलीला मागता येत नाही. वाईट वाटतं, पण रोम संविधीवर सही न करण्याचा निर्णय दिल्लीत झालाय, त्याबद्दल हेगकडे तक्रार करून उपयोग नाही.

३. मी बीए एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आत्ता अर्ज करू का?

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात नाही. जिनिव्हाचं मानवाधिकार उच्चायुक्त कार्यालय त्यातच येतं. तिथे पदवीच्या शेवटच्या वर्षाला असावं लागतं, किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, किंवा पदवी मिळून वर्षाच्या आत. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात शेवटचं वर्ष म्हणजे पाचवं. तीन वर्षांच्या एलएलबीवाल्यांचा इथे गोंधळ होतो: बीकॉम होऊन दोन वर्षं झाली असतील तर त्या पदवीच्या जोरावर पात्रता येत नाही, एलएलबीचं शेवटचं वर्ष येऊ द्या.

तोवरचा वेळ फुकट जात नाही. काय करायचं ते प्रश्न ६ मध्ये आहे.

४. पैसे मिळतात का?

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात नाही, एक छदामही नाही. २०१५ साली जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचा एक न्यूझीलंडचा इंटर्न खोलीचं भाडं परवडेना म्हणून तळ्याकाठी तंबूत राहतोय अशी बातमी जगभर गाजली होती. सचिवालयाचा नियम त्यानंतरही बदलला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या कुटुंबातल्याच काही संस्था मात्र विद्यावेतन देतात: आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, युनिसेफ, यूएनडीपी, जागतिक आरोग्य संघटना. तुमचा विषय स्थलांतरित मजूर, वेठबिगारी किंवा बालकामगार असेल तर कामगार संघटनेकडे आधी बघा. मानवाधिकाराचं काम फक्त ‘मानवाधिकार’ पाटी लागलेल्या कार्यालयातच होतं असं कुठाय?

आयसीजेत ज्युडिशियल फेलोशिप नावाचा कार्यक्रम आहे, साधारण दहा महिन्यांचा, थेट एका न्यायाधीशांच्या हाताखाली. त्यात स्वतः अर्ज करता येत नाही. विद्यापीठ नाव पाठवतं आणि खर्चही विद्यापीठानेच उचलायचा असतो. विकसनशील देशांतल्या विद्यापीठांसाठी २०२० च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एक निधी उभा करायला मान्यता दिली. आपल्या किती महाविद्यालयांच्या प्राचार्यांना हे माहीत असेल? जाहिरातीची प्रिंट काढून त्यांच्या टेबलावर तुम्हीच नेऊन ठेवा.

५. सहा महिन्यांचा खर्च किती? आडपडदा न ठेवता आकडा सांगा.

माझा २०१८ चा हिशेब: खोली ५५० युरो महिना, तीही दोघींत एक न्हाणीघर. विमा, फोन, खाणं, अधूनमधून ट्राम धरून महिन्याला ९५० युरो. सहा महिने, विमानभाडं आणि व्हिसा मिळून सहा लाखांच्या थोडं खाली. त्यातले दोन लाख मी नोकरी करून साठवलेले, बाकीचे वडिलांनी पतपेढीतून काढले. आता भाडी चढली आहेत आणि युरो शंभर रुपयांच्या घरात आहे, त्यामुळे आठ-नऊ लाखांची तयारी ठेवा. जिनिव्हा याहून महाग.

पैसे वाचले ते दोन जागांमुळे. सायकल (जुनी, ७० युरो) आणि हाख्से मार्क्ट. हा शहरातला मोठा उघडा बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो. संध्याकाळी आवराआवर सुरू झाली की भाजीवाले ओरडून ओरडून टोपलीचा भाव एक युरोवर आणतात. एका युरोत सहा वांगी किंवा कोथिंबिरीच्या तीन जुड्या. तिथून जवळच पॉल क्रूगरलान हा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना सुरिनामी हिंदुस्तानी लोकांची दुकानं: तूरडाळ, हिंग, साड्या, लग्नाचे फेटेसुद्धा. यांचे पणजोबा-खापरपणजोबा १८७३ पासून बिहार आणि उत्तर प्रदेशातून गिरमिटिया मजूर म्हणून सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, नेले गेले. मजुरांच्या हक्कांवर टिपण लिहून संध्याकाळी त्या मजुरांच्या पणतीकडून डाळ विकत घ्यायची, हे हेगमध्ये सहज घडतं. मराठीत बोललात तर कळणार नाही, पण हिंदीत भाव विचारला की त्यांच्या भोजपुरी वळणाच्या सरनामीत उत्तर येतं.

६. माझे मार्क जेमतेम ६० टक्के आहेत. निवड कशावर होते?

मार्क बघतात, पण त्यावर अडत नाहीत. अर्जासोबतचं पत्र, लिखाणाचा नमुना आणि तुम्ही प्रत्यक्ष काय केलंय, यावर गाडी पुढे जाते.

एका मुलाच्या पत्राची पहिली ओळ होती, ‘मला लहानपणापासून अन्यायाची चीड आहे.’ मी त्याला विचारलं, गेल्या वर्षी काय केलंस? म्हणाला, विशेष काही नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांबरोबर कारागृहात जायचो आणि कच्च्या कैद्यांची यादी करायचो. कोण किती दिवस आत आहे, कलमाची कमाल शिक्षा किती, त्याच्या निम्मा काळ उलटला का. (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला एक तृतीयांश काळानंतरही सुटका मागता येते.) त्याच्या वहीत ४१ नावं होती. त्यातल्या नऊ जणांचे अर्ज तयार झाले, सहा जण सुटले. मी म्हटलं, अरे, चीड वगैरे खोड आणि ही वही पत्रात घाल. त्याला अरुशाहून (प्रश्न १) बोलावणं आलं.

असं काम तुमच्या गावात आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण प्रत्येक जिल्ह्यात असतं. मुंबईत राज्य मानवी हक्क आयोग आहे, दिल्लीत १९९३ पासूनचा राष्ट्रीय आयोग आहे आणि तो विद्यार्थ्यांना इंटर्न म्हणून घेतो. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताने सही केलेली नसली तरी निर्वासितांसाठीच्या उच्चायुक्तांचं कार्यालय दिल्लीत चालतं. परदेशी अर्जाआधी यातलं एक तरी करा. नमुना म्हणून पाठवायचं लिखाण सहा-सात पानांचं, एकाच मुद्द्यावरचं असू द्या. पन्नास पानांचा प्रबंध कोणी उघडत नाही.

७. फ्रेंच यायलाच हवं का?

आयसीसी आणि आयसीजे दोन्हीकडे कामकाज इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये चालतं. एक उत्तम यायला हवी, दुसरी आली तर वजन पडतं. पण सहा महिन्यांचा क्लास करून अर्जात ‘अस्खलित’ लिहू नका, मुलाखत घेणारा भाषा बदलतो. आपल्याकडच्या भाषांनाही कधीकधी अचानक किंमत येते: बांगलादेश-म्यानमार (रोहिंग्यांच्या) प्रकरणाच्या तपासाला आयसीसीने नोव्हेंबर २०१९ मध्ये परवानगी दिली. अशा वेळी बंगाली येणारा कामाचा ठरतो. मराठीची गरज पडल्याचं मी तरी पाहिलं नाही.

८. ही इंटर्नशिप बार कौन्सिलच्या सक्तीच्या इंटर्नशिपमध्ये धरतात का?

धरू शकतात, पण पूर्ण नाही. २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे लागतात. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही, आणि एकदा तरी खालच्या व वरच्या कोर्टातल्या वकिलांकडे काम करावंच लागतं. म्हणजे हेगचे सहा महिने दाखवून जिल्हा कोर्टातून सुटका नाही. परदेशी संस्था चालेल का, हे विद्यापीठ ठरवतं. जाण्याआधी महाविद्यालयाकडून लेखी घ्या. तोंडी ‘हो हो, चालेल’ म्हणणारे सर तुम्ही परत येईपर्यंत बदलून गेलेले असतात.

९. सेमिस्टर चालू असताना गेलं तर?

७० टक्के हजेरीचा नियम आड येतो, आणि अपवादात्मक सूट मिळाली तरी ती ६५ पर्यंतच. सगळ्यात सोयीचा काळ म्हणजे शेवटची परीक्षा झाल्यावरचं वर्ष. पात्रताही तेव्हा असते (प्रश्न ३).

१०. टुरिस्ट व्हिसावर जाऊन काम केलं तर चालतं का? आमच्या ओळखीचा एक जण गेला होता.

त्याचं नशीब. तुम्ही करू नका. शेंगेनचा (नेदरलँड्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा) अल्पकाळाचा व्हिसा कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपुरताच असतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि जाण्याचं कारण खरं सांगावं लागतं. तीन महिन्यांहून जास्त राहायचं तर प्रक्रिया वेगळी, आणि ती संस्थेच्या पत्रावर चालते. निवडीचा ईमेल आला की त्याच दिवशी मनुष्यबळ विभागाला व्हिसाबद्दल विचारा. पदवीच्या कागदांवर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) मागितला तर आधी राज्य पातळीवर प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालय, असा क्रम असतो. यात आठवडे जातात. पासपोर्टावर आणि पदवीवर नाव वेगवेगळं असेल (लग्नानंतर बदललेलं, किंवा एकीकडे वडिलांचं नाव आणि दुसरीकडे नाही), तर ते सगळ्यात आधी निस्तरा.

११. राहायची खोली इथूनच ठरवावी का?

मी ठरवली आणि ४०० युरो घालवले. फोटो छान होते. ‘मालक’ म्हणाला, मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल. किल्ली आलीच नाही. तरी आशेने रात्री साडेनऊला दोन बॅगा ओढत त्या पत्त्यावर गेले. घंटेशेजारी तीन नावं होती, त्यातलं एकही त्याचं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडलं, माझ्या हातातला कागद पाहिला आणि बोटांनी चार दाखवले. त्या महिन्यात आलेली मी चौथी होते.

पहिले दहा दिवस वसतिगृहात काढा, खोली डोळ्यांनी बघा, मग पैसे द्या. मागच्या तुकडीच्या इंटर्नची खोली पुढच्याला मिळण्याची रीत असते, त्यामुळे निवड झाल्या झाल्या सध्याच्या इंटर्न मंडळींना गाठा. आणि घरमालक ‘इथे नगरपालिकेत नाव नोंदवायचं नाही’ म्हणाला तर दुसरी खोली शोधा. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याला ती नोंदणी लागते.

१२. दिवसभर नक्की काय काम असतं?

वाचन. साक्षीच्या नोंदी वाचायच्या, कोण काय म्हणालं ते पान आणि ओळ क्रमांकासह तक्त्यात भरायचं, मसुद्यातली प्रत्येक तळटीप मूळ कागदाशी ताडून बघायची. आयसीसीचा पहिला निकाल, लुबांगा प्रकरणातला मार्च २०१२ चा, सहाशे पानांच्या आसपास आहे. अशा निकालातल्या हजारो तळटीपा कोणीतरी तपासलेल्या असतात. ते ‘कोणीतरी’ म्हणजे तुम्ही. काळा कोट घालून उभं राहायला मिळत नाही. जिनिव्हात काम वेगळं: मानवाधिकार परिषदेची अधिवेशनं वर्षातून तीनदा असतात, त्या काळात बैठकांना बसून टिपणं काढायची आणि रात्री सारांश पाठवायचे.

१३. असलं वाचून त्रास होत नाही का?

होतो. हा प्रश्न फार थोडे विचारतात आणि त्यांचं मला कौतुक वाटतं.

मी वाचलेल्या सार्वजनिक नोंदीत एक बाई होती. गावावर हल्ला झाला त्या सकाळचं वकील तिला विचारतात: किती माणसं होती, कपडे कसले, बंदुका कसल्या. तिला काही सांगता येत नाही. चुलीवर काय ठेवलं होतं तेवढं मात्र ती तीनदा सांगते. मला पुढचा आठवडाभर भात लावताना हात थांबल्यासारखा व्हायचा. सुरुवातीला वाटलं, आपण कच्चे आहोत. मग कॉफीच्या रांगेत एका मुरलेल्या वकीलबाईंनी सहज विचारलं, ‘कितवा आठवडा? सहावा?’ सहावाच होता.

माझ्यापुरतं चाललेलं सांगते: दुपारी चारनंतर साक्षी वाचायच्या नाहीत, तळटीपा तपासायच्या. खोलीवर कागद न्यायचे नाहीत (तशी परवानगीही नसते). शनिवारी समुद्रावर. झोप उडाली तर वरिष्ठांना सांगा, काम बदलून मिळतं. समुपदेशकाची सोय आहे का हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

१४. लिंक्डइनवर कामाबद्दल लिहिता येतं का?

संस्थेचं नाव, विभाग आणि काळ, बस. गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली असते आणि ती काम संपल्यावरही लागू राहते. संरक्षित साक्षीदाराचं गाव ओळखू येईल असं एक वाक्यसुद्धा कोणाच्या तरी जिवावर बेतू शकतं. मी कुठल्या खटल्यावर होते हे माझ्या आईलाही माहीत नाही, आणि तिला त्याचा अजून राग आहे.

१५. युरोप परवडणार नाही. दुसरीकडे कुठे?

जोहान्सबर्ग! दक्षिण आफ्रिकेचं संविधान न्यायालय परदेशी तरुण वकिलांना लॉ क्लर्क म्हणून घेतं. वेतन नाही, पण शहर हेगपेक्षा बरंच स्वस्त आहे. न्यायालय उभं आहे ते जुन्या तुरुंगाच्या आवारात. १९०८ मध्ये गांधीजी तिथल्याच ओल्ड फोर्टमध्ये कैदेत होते, आणि पाडलेल्या कोठड्यांच्या विटा नव्या न्यायालयाच्या बांधकामात वापरल्या आहेत. घर, आरोग्य, पाणी या हक्कांवर त्या कोर्टाने जे लिहिलंय ते आपल्या संविधानातल्या कलम २१ (जगण्याचा हक्क) शेजारी ठेवून वाचण्यासारखं आहे. भारतात वकिली करायची असेल तर मी हेगच्या आधी जोहान्सबर्ग सुचवेन. अरुशाही (प्रश्न १) स्वस्त. कंबोडियात नोम पेन्हला असलेल्या खमेर रूज न्यायाधिकरणाबद्दल अजून विचारणा होते, पण त्याचा शेवटचा अपिलातला निकाल सप्टेंबर २०२२ मध्ये लागला.

१६. राज्य सरकारची परदेशी शिष्यवृत्ती यासाठी मिळेल का?

नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पूर्णवेळ पदव्युत्तर आणि पीएचडी शिक्षणासाठी आहे. मात्र तीच घेऊन परदेशात एलएलएम करायला जाणार असाल, तर त्या विद्यापीठाच्या मानवाधिकार क्लिनिकमधून किंवा निधीतून इंटर्नशिपची वाट निघते. ऐपत नसणाऱ्यांसाठी मला तरी हाच सगळ्यात खरा रस्ता दिसतो.

१७. एक एजन्सी ४५ हजारांत ‘यूएन इंटर्नशिप’ देते म्हणते. खरं आहे का?

खोटं आहे. संयुक्त राष्ट्रं अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण, कशासाठीच पैसे घेत नाहीत. ‘मॉडेल यूएन’ ही महाविद्यालयीन स्पर्धा आहे, तिचं प्रमाणपत्र म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा अनुभव नव्हे.

१८. मुलीला एकटीला पाठवायचं म्हणजे… (हा प्रश्न पालकांकडून येतो.)

काका, हेगमध्ये मी रात्री अकराला सायकलवरून एकटी घरी यायचे. पडले दोनदा, दोन्ही वेळा वाऱ्याने. त्यापेक्षा प्रश्न ५ आणि ११ मुलीबरोबर बसून वाचा.

१९. मी जज्जची परीक्षा देणार आहे. हा काळ वकिलीत धरतील का?

दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात परत आणली. त्यात लॉ क्लर्कचा अनुभव धरला आहे. परदेशातली इंटर्नशिप मात्र वकिली नव्हे, ती यात धरली जाईल असं समजून बेत आखू नका. सहा महिने गेले असंच धरा.

२०. माझ्याकडे सनद आहे. इंटर्न म्हणून गेलो तर सनदेला धक्का लागतो का?

बिनपगारी इंटर्नशिप ही नोकरी नाही, त्यामुळे सहसा नाही. अडतं ते दोन ठिकाणी. सनदधारकाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. विद्यावेतन घेणार असाल आणि करारात ‘कर्मचारी’ असा शब्द असेल, तर जाण्याआधी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला लेखी विचारा आणि पोचपावती घ्या. दुसरं म्हणजे, काही वर्षं वकिली झालेली असेल तर इंटर्न म्हणून अर्जच करू नका. आयसीसीत अनुभवी लोकांसाठी ‘व्हिजिटिंग प्रोफेशनल’ ही वेगळी सोय आहे. बावीस वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभे राहिलात तर तुमचा अर्ज वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की हे इथे का आलेत. पैसे तिथेही सहसा नसतातच (प्रश्न २).